आवाज क्लाइडचा, नाव कुणाचं? डू-वॉपच्या एका गायकाचा हिशोब

(या भागाचं हे लिखित रूप. बसमध्ये, लेक्चरमध्ये किंवा झोपलेल्या रूममेटशेजारी बसून वाचणाऱ्यांसाठी. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

'होम अलोन' तुम्ही बघितलाच असेल. घरात एकटा राहिलेला केव्हिन अंघोळ करून आरशासमोर येतो, हातातल्या कंगव्याचा माइक करतो आणि एका जुन्या ख्रिसमसच्या गाण्यावर ओठ हलवतो. मग गालांना आफ्टरशेव्ह लावतो आणि किंचाळतो. मीम म्हणून तरी तो सीन तुमच्या फोनवर येऊन गेलाच असेल.

आता किंचाळणं बाजूला ठेवा आणि मागचं गाणं आठवा. त्यात एक आवाज एकदम खर्जातला आहे, जमिनीखालून आल्यासारखा. मग दुसरा येतो, तो इतक्या वरच्या पट्टीत की क्षणभर वाटतं बाई गातेय. खालचा आवाज बिल पिंकनीचा, वरचा क्लाइड मॅकफॅटरचा. गाणं 'व्हाइट ख्रिसमस', साल १९५४, आणि ग्रुपचं नाव 'द ड्रिफ्टर्स'.

ड्रिफ्टर्स हे नाव पुढे प्रचंड मोठं झालं. पण ज्या माणसासाठी तो ग्रुप बनवला, तो दोन वर्षांत त्यातून बाहेर पडला होता आणि त्या नावावर त्याचा काहीच हक्क उरला नव्हता. हे कसं झालं, ते आज बघू. गोष्ट गाण्याची आहे, पण त्यात कागदपत्रं बरीच आहेत. कंटाळू नका, खरा खेळ कागदातच आहे.

आधी हे डू-वॉप म्हणजे काय

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा काळ. न्यूयॉर्क, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, शिकागो अशा शहरांमधल्या कृष्णवर्णीय वस्त्या. तिथल्या पोरांकडे वाद्यं घ्यायला पैसे नाहीत, पण गळा आहे. मग चार-पाच जण इमारतीच्या जिन्यात, नाक्यावरच्या दिव्याखाली किंवा सबवेच्या बोगद्यात उभे राहून गायचे. जिना आणि बोगदाच का? कारण तिथे आवाज घुमतो. फुकटचा इको इफेक्ट!

कामाची वाटणी ठरलेली असायची. एक मुख्य गायक, बहुतेक वेळा उंच पट्टीतला, म्हणजे टेनर. त्याच्या मागे एक-दोन टेनर, मध्ये एक बॅरिटोन आणि सगळ्यात खाली बेस गायक. मागचे लोक शब्द कमी आणि निरर्थक अक्षरं जास्त गायचे, कारण तेच ड्रम, तेच बेस गिटार आणि तेच ट्रंपेट. आपल्याकडे कुणी तोंडाने तबल्याचे बोल म्हणतं ना, साधारण तसंच. त्या अक्षरांवरूनच पुढे 'डू-वॉप' हे नाव पडलं. ते नाव रूढ झालं तोवर या संगीताची पहिली लाट ओसरत आली होती. सुरुवातीच्या काळात हे लोक आपल्या गाण्याला रिदम अँड ब्लूज म्हणायचे.

'रिदम अँड ब्लूज' हा शब्दही तेव्हा नवाच होता. १९४९ पर्यंत बिलबोर्ड मासिक कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीला चक्क 'रेस रेकॉर्ड्स' म्हणायचं. मग जेरी वेक्सलर नावाच्या पत्रकाराने 'रिदम अँड ब्लूज' सुचवलं. वेक्सलर लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

पाद्र्याचा मुलगा

क्लाइडचा जन्म १५ नोव्हेंबर १९३२ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरातला. वडील बॅप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. लहानपणी तो तिथल्याच कॉयरमध्ये गायचा. पुढे कुटुंब उत्तरेला न्यू जर्सीत आलं. तिथून न्यूयॉर्क जवळ, आणि न्यूयॉर्कमध्ये क्लाइड 'माउंट लेबनन सिंगर्स' या गॉस्पेल ग्रुपमध्ये गायला लागला.

गॉस्पेल म्हणजे चर्चमधलं भक्तिगीत, पण आपल्या डोक्यातल्या शांत प्रार्थनेसारखं नाही. त्यात गायक रडतो, ओरडतो, एकाच अक्षरावर पाच-सहा स्वर फिरवतो. आपण ज्याला हरकत म्हणू, तशा हरकतींवर हरकती. क्लाइडचा गळा याच तालमीत तयार झाला. त्या वेळचे लोकप्रिय ग्रुप, उदाहरणार्थ 'इंक स्पॉट्स', फार गोड आणि सभ्य गायचे. क्लाइडने चर्चमधला तो पेटलेला आवाज उचलला आणि थेट प्रेमाच्या गाण्यात आणला. आज कुठलाही आर अँड बी गायक एका शब्दाला पिळून पिळून गातो, तेव्हा त्यामागे जी काही मोजकी माणसं आहेत, त्यातला हा एक.

पहिला धडा: 'क्लाइड वॉर्ड'

१९५० मध्ये बिली वॉर्ड नावाच्या संगीतशिक्षकाने त्याला हेरलं. वॉर्ड पियानो वाजवायचा, गाण्यांची मांडणी करायचा आणि त्याला स्वतःचा ग्रुप काढायचा होता. ग्रुपचं नाव 'द डॉमिनोज'. क्लाइड तेव्हा अठरा वर्षांचाही नव्हता.

ग्रुप चालला. नुसता चालला नाही, धावला. १९५१ चं 'सिक्स्टी मिनिट मॅन' आर अँड बी यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि गोऱ्या श्रोत्यांच्या पॉप यादीतही शिरलं. त्या काळात ही फार मोठी उडी होती. त्यात मुख्य आवाज बेस गायक बिल ब्राऊनचा. १९५२ चं 'हॅव मर्सी बेबी' मात्र पूर्णपणे क्लाइडचं. १० आठवडे पहिला क्रमांक. ते गाणं ऐकलंत तर कळेल, ते खरं तर गॉस्पेलच आहे, फक्त देवाच्या जागी प्रेयसी आहे.

मग पोरगा श्रीमंत झाला असेल ना? नाही.

डॉमिनोज हा ग्रुप वॉर्डचा होता. नाव त्याचं, आणि 'सिक्स्टी मिनिट मॅन', 'हॅव मर्सी बेबी' या गाण्यांच्या लेखनाचं श्रेय त्याचं आणि त्याची भागीदार रोझ मार्क्सचं. गायक पगारावर. क्लाइडने नंतर सांगितल्याप्रमाणे आठवड्याला साधारण १०० डॉलर, त्यातून कर, जेवण, हॉटेल असं सगळं वजा. शिस्त लष्करी, चूक झाली की दंड. तो म्हणायचा की सगळ्या गल्लीत आपली गाणी वाजत असायची आणि आपल्या खिशात कोका-कोलापुरतेही पैसे नसायचे.

याहून बोचणारी गोष्ट वेगळीच. वॉर्ड त्याची ओळख कधीकधी 'क्लाइड वॉर्ड', म्हणजे आपला धाकटा भाऊ, अशी करून द्यायचा. ऐकणाऱ्यांना वाटायचं ग्रुपचा आवाज बिली वॉर्डचाच. म्हणजे ग्रुपचं नाव मालकाचं, आणि आता आडनावसुद्धा मालकाचं.

१९५३ मध्ये क्लाइड बाहेर पडला. त्याच्या जागी डेट्रॉइटचा एक पोरगा आला, जॅकी विल्सन. तोही पुढे मोठा गायक झाला. डॉमिनोज हे नाव मात्र चालूच राहिलं. आवाज बदलला, पाटी तीच.

दुसरी संधी: ड्रिफ्टर्स

अटलांटिक रेकॉर्ड्सचा संस्थापक आहमेट एर्टेगन हा क्लाइडच्या आवाजाचा वेडा होता. तो न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये डॉमिनोजना ऐकायला गेला आणि बघतो तर क्लाइड नाहीच. चौकशी केल्यावर कळलं, त्याला काढलंय. एर्टेगन तसाच उठला, हार्लेमला गेला, क्लाइडला शोधून काढलं आणि करार करायचं पक्कं केलं.

क्लाइडसाठी नवा ग्रुप बनवायचा होता. पहिल्या प्रयत्नात त्याने आपल्या माउंट लेबननच्या दोस्तांना घेतलं, पण रेकॉर्डिंग मनासारखं झालं नाही. मग दुसरी टीम उभी केली, तीही गॉस्पेल गाणाऱ्यांचीच. बिल पिंकनी, अँड्र्यू आणि गेरहार्ट थ्रॅशर हे भाऊ, आणि इतर. ऑगस्ट १९५३ मध्ये त्यांनी 'मनी हनी' रेकॉर्ड केलं. जेसी स्टोनने लिहिलेलं हे गाणं ११ आठवडे आर अँड बी यादीत पहिलं राहिलं. निर्मितीत एर्टेगनच्या जोडीला आता जेरी वेक्सलरही होता. हो, तोच बिलबोर्डवाला.

१९५४ मध्ये 'सच अ नाइट' आलं आणि काही रेडिओ स्टेशनांना ते फारच चावट वाटलं. मग 'हनी लव्ह' परत पहिल्या क्रमांकावर. आणि वर्षाच्या शेवटी ते 'व्हाइट ख्रिसमस'. तरुण एल्व्हिस प्रेस्ली हे सगळं कान देऊन ऐकत होता. 'मनी हनी', 'सच अ नाइट', 'व्हाइट ख्रिसमस' ही तिन्ही गाणी त्याने पुढे स्वतः गायली, आणि त्याच्या 'व्हाइट ख्रिसमस'ची मांडणी तर सरळ ड्रिफ्टर्सवरून घेतलेली आहे.

या वेळी कागदपत्रंही बरी होती. ग्रुपच्या मालकीत क्लाइडचा हिस्सा होता. डॉमिनोजमध्ये जे झालं ते परत होऊ नये, हे त्याने बघितलं होतं.

थांबा, पैसा नेमका येतो कुठून?

पुढचं समजायला हे लागेल. त्या काळच्या गायन-ग्रुपकडे पैसा तीन नळांतून यायचा.

पहिला नळ कार्यक्रमांचा. थिएटर, क्लब, दौरे. तिकीट 'ड्रिफ्टर्स' या नावावर विकलं जातं, त्यामुळे हा नळ ज्याच्याकडे नाव आहे त्याच्या हातात.

दुसरा नळ रेकॉर्डच्या विक्रीचा. कंपनी दर रेकॉर्डमागे थोडी रॉयल्टी देणार, पण आधी स्टुडिओचा, वादकांचा, दिलेल्या उचलीचा खर्च कापून. अनेकांच्या बाबतीत कापाकापीनंतर काही उरायचंच नाही.

तिसरा नळ गाणं लिहिणाऱ्याचा. रेडिओवर गाणं वाजलं, दुसऱ्या कुणी ते गायलं, सिनेमात घेतलं, की गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे. गायकाला? अमेरिकेत एएम-एफएम रेडिओ आजही रेकॉर्डवर गाणाऱ्याला काही देत नाही, फक्त गाणं लिहिणाऱ्याला देतो. म्हणजे लाखो लोकांनी तुमचा आवाज रेडिओवर ऐकला, तरी त्या ऐकण्याचे तुम्हाला शून्य रुपये. चुकलो, शून्य डॉलर.

'हनी लव्ह'च्या लेखनश्रेयात क्लाइडचं नाव आहे, पण त्याची बहुतेक मोठी गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली. म्हणून त्याच्यासाठी पहिला नळ, म्हणजे नाव, सगळ्यात महत्त्वाचा होता.

सही

१९५४ मध्येच क्लाइडला लष्कराचं बोलावणं आलं. तेव्हा अमेरिकेत तरुणांना सक्तीची भरती होती. तो अमेरिकेतच तैनात असल्यामुळे सुट्टीत येऊन रेकॉर्डिंग करायचा, पण ग्रुपबरोबर दौरे करणं संपलं. १९५५ मध्ये तो सुटला तेव्हा त्याचं ठरलं होतं: आता एकट्याने गायचं, स्वतःच्या नावाने. 'क्लाइड वॉर्ड' म्हणून मिरवावं लागलेल्या माणसाला हे वाटणं अगदी साहजिक आहे.

मग ड्रिफ्टर्समधल्या हिश्शाचं काय? तो त्याने ग्रुपचा मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेलला विकला.

ही सही या गोष्टीचा कणा आहे. तिचा अर्थ सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगतो. चार जण मिळून एक प्रोजेक्ट चालवताय. अकाउंट तुमच्या नावावर आहे. तुम्ही दुसरीकडे निघालात आणि जाताना अ‍ॅडमिनचे हक्क बाहेरच्या माणसाला विकले. तुमचं काही अडत नाही. पण मागे राहिलेले तिघे, ज्यांनी अर्धा कोड लिहिलाय, ते त्या क्षणापासून नोकर. त्यांना कधीही काढता येतं आणि प्रोजेक्ट त्यांच्याशिवाय चालू राहतो.

अगदी तसंच झालं. पिंकनी आणि बाकीचे पगारी गायक झाले, पगारही बेताचा. वाढ मागितली की वाद. पिंकनी १९५६ मध्येच बाहेर पडला. माणसं येत गेली, जात गेली. क्लाइडला नंतर या विक्रीचा पश्चात्ताप झाला, कारण आपण वॉर्डकडे जे भोगलं तेच आपल्या जोडीदारांच्या वाट्याला दिलं, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

नाव जगलं, माणसं बदलली

१९५८ मध्ये कडेलोट झाला. ट्रेडवेलने अख्खा ग्रुप काढून टाकला. सगळेच्या सगळे! पण ड्रिफ्टर्सच्या नावाने कार्यक्रम आधीच ठरलेले होते. मग त्याने 'फाइव्ह क्राउन्स' नावाचा दुसराच ग्रुप उचलला आणि सांगितलं, आजपासून तुम्ही ड्रिफ्टर्स. कायद्याने यात काही चूक नव्हतं. नाव त्याचं होतं.

या नव्या पोरांत एक होता बेन ई. किंग. १९५९ चं 'देअर गोज माय बेबी' आणि १९६० चं 'सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी' यांत त्याचाच आवाज आहे. बहुतेक लोक ड्रिफ्टर्स म्हणून ज्यांना ओळखतात, ते हे दुसरे ड्रिफ्टर्स. पैशांवरून किंगचंही बिनसलं आणि तोही १९६० मध्ये निघाला.

पण किंगच्या हातात एक गोष्ट होती. १९६१ चं 'स्टँड बाय मी'. हे गाणं तुम्हाला माहितीच आहे, कुणाच्या ना कुणाच्या लग्नाच्या रीलवर ऐकलेलं असणार. त्याच्या लेखनश्रेयात लीबर आणि स्टोलर यांच्याबरोबर बेन ई. किंगचंही नाव आहे. तिसरा नळ! १९८६ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला आणि पंचवीस वर्षांनी ते गाणं अमेरिकेत पुन्हा पहिल्या दहात गेलं. गाण्याचा मालक असणं आणि गाण्याचा आवाज असणं, यातला फरक इतका सरळ दुसरीकडे दिसत नाही.

आणि क्लाइड?

सुरुवात झकास झाली. १९५६ मध्ये 'ट्रेझर ऑफ लव्ह', मग १९५८ मध्ये 'अ लव्हर्स क्वेश्चन', जे पॉप यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. पाटीवर आता त्याचं स्वतःचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. १९५९ मध्ये त्याने अटलांटिक सोडलं आणि मोठ्या कंपनीत, एमजीएममध्ये गेला. तिथून मर्क्युरी. १९६२ मध्ये 'लव्हर प्लीज' सातव्या क्रमांकावर आलं. ते त्याचं शेवटचं मोठं यश.

नंतर काळ बदलला. बीटल्स आले, मोटाउन आलं, आणि त्या नव्या गायकांपैकी कित्येक जण ज्या पद्धतीने गात होते, ती पद्धत क्लाइडने दहा वर्षांपूर्वी रुळवलेली. दारू वाढली, कामं कमी झाली. १९६८ मध्ये तो इंग्लंडला गेला, तिथे जुन्या गाण्यांचे चाहते होते, पण घडी बसली नाही. परत आला. १३ जून १९७२ रोजी तो गेला. वय ३९.

आता एक विचित्र गोष्ट. १९८७ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने त्याला एकल गायक म्हणून घेतलं. १९८८ मध्ये ड्रिफ्टर्सचा सदस्य म्हणून पुन्हा घेतलं. तिथे दोनदा मान मिळालेला तो पहिलाच कलाकार. १९९३ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याच्या चेहऱ्याचं तिकीट काढलं. जिवंतपणी ज्याला आडनाव मिळवायला तीन वर्षं लागली, त्याचं नाव असं पत्रांवर चिकटून देशभर फिरलं.

कायद्याचं पुढे काय झालं?

हा प्रश्न फक्त ड्रिफ्टर्सचा नव्हता. जुन्या ग्रुपांची नावं घेऊन भलतेच लोक दौरे करायचे आणि मूळ गायक घरी बसायचे. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत याविरुद्ध मोहीम झाली आणि तीसहून अधिक राज्यांनी कायदे केले. ढोबळ नियम असा, की जुन्या ग्रुपच्या नावाने कार्यक्रम करायचा तर निदान एक मूळ सदस्य हवा, नाहीतर हा 'ट्रिब्यूट' आहे असं स्पष्ट सांगा. पण एक मोठी सूट आहे: नावाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क तुमच्याकडे असेल तर चालतं. म्हणजे फिरून परत तिथेच. कागद ज्याचा, नाव त्याचं.

तुम्ही विचाराल, यात ट्रेडवेल खलनायक आहे का? मला नाही वाटत इतकं सोपं आहे. त्याच्या निवडीमुळेच बेन ई. किंग लोकांसमोर आला, नाव तीस-चाळीस गाण्यांपलीकडे टिकलं. वॉर्डशिवाय क्लाइडला पहिली संधी मिळाली असती का, तेही सांगता येत नाही. अडचण वेगळी आहे. ज्याने संधी दिली त्याने सगळं स्वतःकडे ठेवलं, आणि ज्याच्या गळ्यामुळे ती चालली त्याला सही करताना कुणी अर्थ समजावून सांगितला नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण बँडमध्ये आहेत, यूट्यूब चॅनल चालवतात, दोस्तांबरोबर अ‍ॅप बनवतात. चॅनलचा पासवर्ड कुणाकडे आहे, नाव कुणी नोंदवलंय, गाणं चौघांनी बसवलं तर श्रेयात चार नावं आहेत का, आणि एक जण निघाला तर त्याचा हिस्सा आधी उरलेल्यांना विचारला जाईल का, एवढे चार प्रश्न दोस्ती घट्ट असतानाच विचारून घ्या. भांडण झाल्यावर हे प्रश्न विचारता येत नाहीत, तेव्हा फक्त वकील बोलतात.

ऐकायचं असेल तर या क्रमाने ऐका: 'हॅव मर्सी बेबी', 'मनी हनी', 'व्हाइट ख्रिसमस', 'अ लव्हर्स क्वेश्चन'. पहिल्या गाण्यावर नाव वॉर्डचं, पुढच्या दोन्हींवर ड्रिफ्टर्सचं, आणि चौथ्यावर क्लाइड मॅकफॅटर. हेडफोन लावून ऐकलंत तर कळेल, चारही ठिकाणी तो वरचा आवाज एकाच माणसाचा आहे.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात, तोवर कान उघडे ठेवा आणि सही करण्याआधी डोळेही!